प्रीती आणि लीनता

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग गोंदिया व डोंगरगड मागे टाकून राजनांदगावला येतो आणि तेथून दुर्ग ओलांडून भिलाईस पोहोचतो. भिलाईच्या पोलादनगरीत रुआबांधा या नावाची एक वस्ती आहे. नाव अस्सल छत्तीसगडी वळणाचे. परंतु तेथे नांदणारी माणसे भारताच्या कानाकोपऱ्यांतून आलेली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या कारखान्याच्या ओढीने केरळी, तेलुगू, बंगाली, ओडिया, पंजाबी आणि मराठी कुटुंबे या भूमीत येऊन स्थिरावली. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात राहत असलेल्या जुन्या मराठी घराण्यांत या नव्या मराठी माणसांची भर पडली. माणसे आली ती आपापले देव, आपापली भजने आणि आपापली प्रार्थनामंदिरे बरोबर घेऊनच आली. १९८४ साली याच रुआबांध्यात सेंट थॉमस महाविद्यालय स्थापन झाले. केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स सिरियन मंडळीच्या मिशनकार्यातून ते उभे राहिले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक अतिप्राचीन ख्रिस्ती परंपरा अशा रीतीने पोलादाच्या गावी येऊन पोहोचली.

या परंपरेत पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारी एक विधी करण्याची चाल आहे. पूर्ण धर्मवेष धारण केलेला बिशप आपली वरची भरजरी वस्त्रे उतरवतो, कमरेला पंचा बांधतो आणि मंडळीतील बारा जणांचे पाय आपल्या हाताने धुऊन पुसतो. विधीचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, अशी ती कथा. पेत्र प्रथम पाय पुढे करावयास तयार होत नाही. गुरूने शिष्याच्या पायांना हात लावावा हे त्याला पटत नाही. आणि येशूचे उत्तर असे की, हे करून घेतल्यावाचून तुझा माझा संबंध उरत नाही. ही कथा बारकाईने पाहिली म्हणजे ध्यानात येते की, तिच्यात दोन माणसांची परीक्षा आहे. एकाने वाकावयाचे आहे. दुसऱ्याने, संकोच गिळून, कोणाला तरी आपल्यासाठी वाकू द्यावयाचे आहे. ख्रिस्ती मंडळीच्या जीवनात प्रीती आणि लीनता हे दोन शब्द नेहमी जोडीने उच्चारले जातात. ते जोडीने का यावयास हवेत, हे या कथेवरून उलगडते.

मराठी मनाला ही कल्पना परकी नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी वारकऱ्याला भेटला म्हणजे दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. तेथे वय, जात, श्रीमंती यांचा हिशेब कोणी मांडत नाही. आधी कोणी वाकावयाचे हा प्रश्नही उद्भवत नाही. आपल्या संतांच्या वाणीत लीनता हा भक्तीचा अलंकार मानला गेला आहे. म्हणूनच १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण ओवीच्या रूपात छापून निघाले, तेव्हा ख्रिस्ताची नम्रता वर्णन करण्यासाठी त्या परदेशी कवीला मराठीत शब्द शोधत बसावे लागले नाही. शब्द तयार होते. प्रश्न पुढच्या काळात उभा राहिला, आणि तो शब्दांचा नव्हता. ज्याच्या हाती सत्ता, पैसा आणि शाळेची किल्ली आहे त्याने लीन कसे व्हावे, आणि ज्याच्या हाती यांपैकी काहीच नाही त्याने लाचार न होता लीन कसे राहावे, असा तो प्रश्न होता. मराठी ख्रिस्ती मंडळीचा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील इतिहास हा पुष्कळ अंशी या प्रश्नाचा इतिहास आहे.

१८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईस उतरले. १८३१ मध्ये अहमदनगर हे त्यांच्या कार्याचे एक मोठे ठाणे झाले. १८४५ साली स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही त्या नगरीत आहे. १८६८ साली ऑस्कर लोर या जर्मन वंशाच्या मिशनऱ्याने रायपूरच्या बाजूस सतनामी समाजाच्या मुलखात बिश्रामपूर हे गाव वसवले. या सर्वांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, व्याकरणे आणि कोश रचले. दुष्काळ आणि प्लेग यांच्या काळात त्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या जिवाची पर्वा केली नाही. ज्याला समाजाने विहिरीपासून दूर ठेवले होते, त्याच्या मुलाच्या हाती त्यांनी पाटी दिली. ही प्रीती खरी होती. तिच्याविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु प्रीती ज्या वाटेने वाहते त्या वाटेचाही तिच्यावर परिणाम होतो. बिश्रामपुरात मिशनने जमीन घेतली आणि मिशनरी हा त्या गावचा मालगुजार झाला. म्हणजे ज्याच्या मुखातून रविवारी शुभवर्तमान ऐकावयाचे, त्याच्याच कचेरीत सोमवारी शेतसाऱ्याचा भरणा करावयाचा. तोच शाळेचा चालक, तोच औषध देणारा, तंटा मिटवणाराही तोच. नगरकडे मिशन मालगुजार नव्हते. परंतु पाळक, शिक्षक, बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया, या सर्वांचे वेतन समुद्रापलीकडून येणाऱ्या वर्गणीवर अवलंबून होते. मराठी आणि छत्तीसगडी या दोन्ही मुलखांतल्या मंडळींत साहेबाला उद्देशून एकच शब्द रूढ झाला : मायबाप. हा शब्द सरकारदरबारी वापरला जात होता तोच. त्यात कृतज्ञता होती, भीती होती आणि सवयही होती.

मायबाप मुलांवर प्रेम करतात. परंतु मुले मोठी झाली हे मान्य करणे त्यांना फार जड जाते. मिशनऱ्यांच्या प्रीतीची हीच मर्यादा ठरली. ती वरून खाली वाहत होती. खालून वर जाण्यासाठी तिला वाट ठेवलेली नव्हती. त्यातच नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आले होते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना मान खाली घालावयास लावले गेले, त्यांना व्यासपीठावरून नम्रतेचे व्याख्यान ऐकवणे यात एक विचित्र विसंगती होती. वाकलेल्याला आणखी वाक असे सांगणे हा धर्म नव्हे. त्याला प्रथम ताठ उभे करावयास हवे. त्यानंतर आपण होऊन तो ज्याच्यापुढे वाकेल ती खरी लीनता.

लीनता आणि आज्ञाधारकपणा यांतील भेद ज्या मराठी व्यक्तीने सर्वांत आधी आणि सर्वांत निर्भयपणे स्पष्ट केला, त्या पंडिता रमाबाई होत. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या मठवासिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डिन यांना त्या गुरुस्थानी मानीत. परंतु सिद्धान्तांचा प्रश्न निघाला, तेव्हा बुद्धीला जे पटत नाही ते केवळ मंडळी सांगते म्हणून स्वीकारण्यास रमाबाईंनी नकार दिला. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे किंवा नाही असा वाद उपस्थित झाला आणि बिशपांनी त्यास हरकत घेतली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या हितचिंतकांना हा अहंकार वाटला. त्यांनी विनय शिकावा असे त्यांना पुनःपुन्हा सुचवण्यात आले. हा सारा पत्रव्यवहार आज छापलेला उपलब्ध आहे. तो वाचताना जाणवते की, उपकारकर्त्यांच्या प्रेमाविषयी रमाबाईंना शंका नव्हती. मात्र त्या प्रेमाची किंमत म्हणून सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवावयास त्या तयार नव्हत्या.

आणि याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात आल्या, उपाशी मुली आणि विधवा यांना गोळा करून घेऊन गेल्या, आणि पुण्याजवळ केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभारले. पुढे तेथील संख्या सुमारे २००० पर्यंत गेली. शेती, विणकाम, छापखाना ही सर्व कामे तेथे स्त्रियाच करीत. ज्या स्त्रीने बिशपांपुढे मान तुकवली नाही, तिने टाकून दिलेल्या मुलींच्या सेवेत आपले उरलेले आयुष्य वेचले. तिची लीनता अधिकारपदापुढे नव्हती. ती गरजवंतापुढे होती. पाय धुण्याच्या कथेचा अर्थ याहून वेगळा नाही.

रमाबाईंनी इंग्लंडात जो प्रश्न उपस्थित केला, तोच महाराष्ट्राच्या भूमीवर, मंडळीच्या अंतर्भागात राहून, नारायण वामन टिळक यांनी मांडला. टिळकांच्या आयुष्याला वळण लागले ते याच पूर्वेकडच्या लोहमार्गावर, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले टिळक नागपुरात संस्कृत ग्रंथांच्या कामात आणि कवितेत रमले होते. १८९३ साली नोकरीच्या निमित्ताने ते नागपूरहून राजनांदगावकडे निघाले. गाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड ते हेच, असे अभ्यासक मानतात. दोघांचे काव्यावर, धर्मावर बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली. टिळकांनी वाचण्याचे कबूल केले होते. राजनांदगावला त्यांनी वाचावयास आरंभ केला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थांबले. शत्रूवर प्रीती करावी, दीनांना धन्य म्हणावे, ही भाषा त्यांच्या मनातून जाईना. तेथून पुढे सुमारे दोन वर्षे त्यांनी मुंबईच्या डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार करून शंका विचारल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या परिवर्तनात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. टिळक ज्याकडे ओढले गेले ती मिशनची सत्ता नव्हती, वेतन नव्हते आणि युरोपीय संस्कृतीही नव्हती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. म्हणजे लीनतेचे संस्कार त्यांनी परदेशातून उसने आणलेले नव्हते. ते घरचे होते. त्यामुळेच नगरला गेल्यावर मंडळीचा कारभार त्यांना वेगळ्या दृष्टीने दिसू लागला. धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत होते. १९०४ साली त्यांना दीक्षित पाळक नेमण्यात आले. १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. कीर्तन, भजन, अभंग या मार्गांनी त्यांनी उपासनेला मराठी वळण दिले. नगरच्या खेड्यापाड्यांत त्यांची पदे टाळ-मृदंगावर म्हटली जाऊ लागली. परंतु दिवसेंदिवस एक शल्य त्यांना बोचू लागले. मंडळीत प्रेम आहे, पण बंधुत्व नाही, अशी त्यांची तक्रार होती.

ज्ञानोदयातून त्यांनी ही तक्रार उघडपणे मांडली. परदेशी मिशनऱ्यांना उद्देशून त्यांनी लिहिले त्याचा आशय असा : तुम्ही आमचे आई-बाप होणे आता पुरे करा; आमचे भाऊ आणि बहिणी व्हा; विश्वास टाकावयास शिका आणि दुसरे स्थान घ्यावयास शिका. मालक आणि दास यांच्या संबंधाला देवाचे राज्य हे नाव शोभत नाही, असेही त्यांनी बजावले. हे शब्द कडवट होते. पण त्यांत द्वेष नव्हता, कारण ज्यांना उद्देशून ते लिहिले गेले त्यांच्यापैकी अनेकांवर टिळकांचे मनापासून प्रेम होते. मिशनऱ्यांच्या त्यागावर त्यांनी बोट ठेवले नाही. घरदार सोडून सातासमुद्रापलीकडे येण्याचा त्याग ते करू शकत होते. सभेत अध्यक्षाची खुर्ची एखाद्या नगरी पाळकाला देऊन स्वतः बाजूच्या बाकावर बसण्याचा त्याग त्यांना अवघड वाटत होता. टिळकांचे म्हणणे एवढेच की, दुसरा त्याग पहिल्यापेक्षा मोठा आहे.

आणि ही मागणी त्यांनी केवळ दुसऱ्यांकडे केली नाही. मिशनचे वेतन घेत असताना मिशनवर टीका करणे त्यांना स्वतःलाच पटेना. ८ सप्टेंबर १९१७ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी संन्यास स्वीकारला, मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार या नावाचा एक बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताला मानणारे सारे तेथे समान असावेत, अशी ती कल्पना होती. तो दरबार फार काळ टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले आणि त्यांच्यामागे ती योजना विस्कळीत झाली. संस्थांच्या जमाखर्चात या प्रयोगाची नोंद अपयश म्हणूनच होईल. परंतु मंडळीच्या मनावर त्याने उमटवलेला ठसा पुसला गेला नाही.

येथे एका गोष्टीचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. मिशनऱ्यांनी दुसरे स्थान घ्यावे असे सांगणाऱ्या टिळकांना स्वतःच्या घरात ते स्थान घेणे सोपे गेले नाही. बाप्तिस्म्याचा निर्णय त्यांनी पत्नीच्या संमतीवाचून घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काही वर्षे विलक्षण दुःखात काढली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या स्मृतिचित्रे या त्यांच्या आत्मचरित्रात ही हकिकत आहे. तिच्यात पतीच्या तापट आणि लहरी स्वभावाचे चित्र आहे, त्याच्या अमर्याद औदार्यामुळे रिकाम्या होणाऱ्या डब्यांचेही आहे. परंतु कोठेही कडवटपणा नाही. ज्याच्यामुळे आपण पोळलो त्याच्याकडे हसून पाहणे, आणि त्याच हास्यात स्वतःचीही खोडी काढणे, ही लीनतेची एक दुर्मीळ जात आहे. ती व्याख्यानांतून शिकवता येत नाही.

पुढे दोघे एकत्र आल्यावरही टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही, ते थांबले. लक्ष्मीबाईंनी सोवळेओवळे सोडले ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाशी सोडवला आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या घरात दुष्काळातील अनाथ मुले वाढली. बालकवी ठोमरे यांच्यासारखा भावुक तरुण त्या घरी राहिला तो धर्म बदलून नव्हे, तर घरचा मुलगा म्हणून. आणि टिळकांच्या पश्चात, शाळेचे शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य पुढे नेऊन पुरे केले. १८९५ मध्ये जिला विचारलेसुद्धा नव्हते, तिने विचारणाऱ्याचे अर्धे राहिलेले काम हाती घेतले. प्रीती आणि लीनता यांचा मेळ या घरात बसला, तो दोघांनीही आपापला हट्ट सोडल्यानंतर.

टिळकांच्या हाकेला ओ देणारे लोक मिशनऱ्यांतही निघाले. ज्यांना टिळक शंका विचारीत त्या डॉ. ॲबट यांनी निवृत्तीनंतरचा काळ महिपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करण्यात घालवला. शिकवावयास आलेला माणूस विद्यार्थी होऊन बसला. नगरला काम करणारे तरुण इंग्रज धर्मगुरू जॅक विन्स्लो हे टिळकांचे मित्र झाले. १९२३ साली त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९२२ मध्ये, त्यांनी ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली होती. या संघात इंग्रज आणि हिंदी बंधू एका पंक्तीला जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेत, खादी वापरीत आणि कामे वाटून करीत. संघ पुढे पुण्यात स्थिरावला. व्हेरियर एल्विन हे पहिल्यांदा भारतात आले ते १९२७ साली या संघाचे सभासद म्हणूनच. तेथून त्यांची पावले मध्य प्रांतातील गोंड वस्तीकडे वळली. बंगला सोडून चटईवर बसणे ही आज किरकोळ गोष्ट वाटेल. ज्या काळात राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस रेल्वेच्या डब्यातही वेगळा बसत असे, त्या काळात तिचे मोल निराळे होते.

व्यक्तींनी जे केले ते संस्थांना करता येते काय? या प्रश्नाचे एक उत्तर नागपूरला मिळाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे उत्तर भारतातील सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही मंडळी स्थापन झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील नगरच्या मंडळ्या आणि लोर यांच्या बिश्रामपुराची परंपरा, या दोन्ही त्या एकीकरणात सामील झाल्या. वाटाघाटी अनेक वर्षे चालल्या होत्या. कोणी बिशपपद मानणारे, कोणी न मानणारे. कोणी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणारे, कोणी तो प्रौढ वयात आपण होऊन घ्यावा असे सांगणारे. एकत्र यावयाचे तर प्रत्येकाला आपल्या जवळचे काहीतरी खाली ठेवणे भाग होते. बिशपपद सर्वांनी स्वीकारले आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. आपला मार्ग खरा असला तरी तोच एकमेव नव्हे, हे एखाद्या व्यक्तीने म्हणणे सोपे आहे. शतकानुशतकांच्या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थेने ठराव करून म्हणणे फार कठीण आहे. अर्थात एकीकरणाने सारे प्रश्न सुटले असे नव्हे. मालमत्तेचे तंटे, पदांच्या निवडणुका, जुन्या जातींच्या अदृश्य भिंती यांनी नव्या मंडळीलाही सोडले नाही. परदेशी मायबाप गेले तरी त्यांची खुर्ची मागे उरतेच, आणि तिच्यावर बसणारा स्वदेशी असला म्हणून खुर्चीचा गुण पालटत नाही.

या सर्व हकिकतीतून जी गोष्ट निष्पन्न होते ती ख्रिस्ती मंडळीपुरतीच मर्यादित नाही. प्रीतीला लीनतेची जोड नसेल तर ती उपकाराचे रूप घेते, आणि उपकाराखाली दबलेला माणूस पुढे एकतर लाचार होतो किंवा बंड करतो. लीनतेला प्रीतीची जोड नसेल तर ती दास्यात जाऊन मिळते. शाळा, दवाखाना, सहकारी संस्था, कचेरी, जेथे जेथे एक हात देणारा आणि एक हात घेणारा असतो तेथे हा नियम लागू आहे. देणाऱ्याने कधीतरी घ्यावयास शिकले पाहिजे आणि घेणाऱ्याला कधीतरी देण्याची संधी मिळाली पाहिजे. पेत्राने पाय पुढे केले, तसेच उद्या त्यालाही दुसऱ्याचे पाय धुवावयाचे होते.

रुआबांध्यासारख्या वस्तीत या धड्याला एक वेगळे महत्त्व आहे. पोलादनगरीत कोणीच कोणाचा पिढीजात मालक किंवा पिढीजात चाकर नव्हता. सारेच नवे, सारेच आपापल्या मुलखापासून दूर. जुन्या गावात जे नाते जन्माने ठरते, ते येथे माणसांना आपल्या हातांनी बांधावे लागले. अशा ठिकाणी एखादी मंडळी महाविद्यालय चालवते, तेव्हा त्या वर्गांत बसणारी बहुसंख्य मुले तिच्या धर्माची नसतात. त्यांना विद्या देताना आपण मायबाप होतो की भाऊ, हा टिळकांचा प्रश्न तेथे नव्याने उभा राहतो. पाय धुण्याचा विधी वर्षातून एकदाच येतो. उरलेल्या दिवसांत प्रवेशाची यादी असते, शिपायाच्या रजेचा अर्ज असतो, समितीची बैठक असते, आणि विधीचा खरेखोटेपणा त्या टेबलापाशीच ठरतो.

टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्निसंस्कार देण्यात आला आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. त्यांच्या स्मारकावर त्यांच्याच एका पदातील शब्द आहेत. मंडळीने गौरविलेल्या या कवीने तेथे आपल्या कार्याची गणती मांडलेली नाही; प्रभूपुढे आपण अजून पुष्कळ उणे आहोत, एवढेच त्याने सांगितले आहे.